प्रकार किती? समसंभाव्यतेच्या कल्पनेचा मागोवा

'समसंभाव्य' हा शब्द शालेय गणिताच्या पुस्तकांत इतक्या सहजपणे येऊन जातो की, त्याच्यापाशी क्षणभर थांबावे असे शिकविणाऱ्यास वाटत नाही, आणि शिकणाऱ्यास तर नाहीच नाही. एकूण निष्पत्ती किती, त्यांपैकी अनुकूल किती, हे मोजावे. अनुकूल संख्येस एकूण संख्येने भागावे, की संभाव्यता हाती आली. यातला भागाकार पाचवीतल्या मुलासही येतो. अडचण आहे ती 'एक निष्पत्ती' म्हणून काय मोजावयाचे यात. आणि या अडचणीने गेल्या चारशे वर्षांत युरोपातील भल्याभल्या पंडितांना ठकविले आहे. त्या ठकण्याचा आणि सावरण्याचा इतिहास प्रस्तुत लेखात थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

या इतिहासाकडे आम्ही वळलो ते एका उत्तरपत्रिकेमुळे. आम्ही कला शाखेचे पदवीधर; गणित हा आमचा विषय नव्हे. परंतु शिक्षक रजेवर गेले की मुख्याध्यापकास कोणताही विषय आपलाच मानून घ्यावा लागतो. अशाच एका वर्षी दहावीच्या सराव परीक्षेचा गणिताचा गठ्ठा आमच्याकडे तपासणीस आला. दोन नाणी एकदम फेकली असता दोन्हींवर छापा पडण्याची संभाव्यता किती, असा प्रश्न होता. एका विद्यार्थ्याने लिहिले होते : दोन्ही छापे, दोन्ही काटे, आणि एक छापा एक काटा, असे तीनच प्रकार संभवतात, म्हणून उत्तर एक तृतीयांश. नमुना उत्तरात एक चतुर्थांश होते. आम्ही तांबडी फुली मारली व शून्य दिले. दुसऱ्या दिवशी तो मुलगा खोलीत येऊन अदबीने उभा राहिला व म्हणाला, "सर, दोन्ही नाणी सारखीच आहेत. मग छापा-काटा आणि काटा-छापा हे दोन प्रकार वेगळे कसे?" आम्ही उत्तरलो की पुस्तकात चार दिले आहेत. तो "बरं, सर" म्हणून गेला. आमचे उत्तर बरोबर होते, परंतु त्यास आधार होता तो केवळ छापील पानाचा. आणि ही गोष्ट पुढे बरेच दिवस आम्हांस टोचत राहिली.

त्या मुलाचा प्रश्न सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील जुगाऱ्यांनाही पडला होता, फक्त त्यांच्या हाती नाण्यांऐवजी फासे होते. आपल्या सारीपाटाचे फासे लांबट व चार पृष्ठांचे. त्यांचे घनाकृती व सहा पृष्ठांचे. तीन फासे एकदम टाकावयाचे व बेरजेवर पैज लावावयाची. आता बेरीज ९ येण्याचे प्रकार मोजावे : १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४ आणि ३-३-३, म्हणजे एकूण सहा. बेरीज १० येण्याचे : १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४ आणि ३-३-४, हेही सहाच. प्रकार समान असल्याने दोन्ही बेरजा सारख्याच वेळा पडाव्यात. परंतु मुरलेल्या खेळाडूंचा अनुभव असा की ९ पेक्षा १० थोडी अधिक वेळा पडते. हे कोडे गॅलिलिओपुढे आले. आपण हे आज्ञेवरून लिहीत आहोत असे तो आपल्या टिपणात सांगतो. ती आज्ञा टस्कनीच्या ग्रँड ड्यूकची असावी असे अभ्यासक मानतात. गॅलिलिओ १६४२ साली वारला, आणि हे चार पानी टिपण छापून निघाले ते १७१८ साली.

त्याचे उत्तर साधे आहे. तीन फाशांना तांबडा, हिरवा व पिवळा असे तीन रंग दिले आहेत असे आपण समजुतीसाठी धरू. मग १-२-६ हा प्रकार सहा रीतींनी पडतो; कारण १ हा तांबड्यावर, हिरव्यावर की पिवळ्यावर, आणि २ हा उरलेल्या दोहोंपैकी कशावर, असे पर्याय आहेत. २-२-५ तीनच रीतींनी पडतो, कारण ५ कोणत्या फाशावर एवढाच प्रश्न उरतो. ३-३-३ पडण्याची रीत एकच. याप्रमाणे मोजले असता बेरीज ९ च्या रीती २५ होतात व बेरीज १० च्या २७. एकूण रीती २१६. रंग नसले तरी हिशोब बदलत नाही, कारण रंग फासल्याने फाशाच्या पडण्यात काही फरक पडत नाही. बदलते ते आपले ओळखणे. ३-३-३ हा एक प्रकार व १-२-६ हाही एक प्रकार, सबब दोन्ही समान, असे म्हणणे म्हणजे एका घरात एक माणूस व दुसऱ्या घरात सहा माणसे असताना दोन्ही शिधापत्रिकांवर सारखेच धान्य द्यावे असे म्हणणे होय. पत्रिका मोजावयाच्या की माणसे, हे आधी ठरले पाहिजे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. २५ आणि २७ यांतील अंतर २१६ मध्ये दोन, म्हणजे सुमारे शंभरात एक इतके सूक्ष्म आहे. ते केवळ पाहण्याने जाणवावयास किती रात्री जागल्या असतील व किती पैसे गेले असतील याची कल्पनाच करावी! शास्त्राच्या इतिहासात दुर्व्यसनाचेही थोडे श्रेय असते, ते नाकारू नये.

गॅलिलिओच्या या मोजणीला लागणारे अंकगणित आपल्याकडे त्याच्यापूर्वी साडेचारशे वर्षे तयार होते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (शके १०७२, इ.स. ११५०) 'अंकपाश' नावाचे शेवटचे प्रकरण आहे. दिलेल्या अंकांची स्थाने बदलून किती संख्या होतील, आणि त्यांत काही अंक समान असतील तर किती, याची रीत तेथे दिलेली आहे. २, २, १, १ या अंकांच्या संख्या ६. ४, ८, ५, ५, ५ यांच्या २०. ही रीत म्हणजेच १-२-६ चे सहा, २-२-५ चे तीन व ३-३-३ चा एक. याहून नवल म्हणजे, अंकांची बेरीज ठरलेली असता किती संख्या संभवतात, हाही प्रश्न आचार्यांनी घेतला आहे. पाच स्थाने व बेरीज १३ असता उत्तर ४९५ येते. हाच नियम तीन स्थाने व बेरीज ९ यांस लावला तर २८ येतात. त्यांतून फाशावर नसलेला ७ ज्यांत येतो ते ७-१-१ चे तीन वजा केले की गॅलिलिओचे २५ उरतात. बेरीज १० साठी ३६ येतात. त्यांतून ८-१-१ चे तीन व ७-२-१ चे सहा गेले की २७. वर्गात फळ्यावर हे करून दाखविण्यासारखे आहे. चाळीसगावाजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चंगदेव याने मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे. त्या मठात हे अंकपाश प्रकरणही शिकविले जात असेलच.

तथापि, 'सगळे आमच्याकडे होतेच' या उत्साहास येथे आवर घातला पाहिजे. आचार्यांनी विचारले ते 'संख्या किती होतील' एवढेच. त्यांतील प्रत्येक संख्या सारख्याच संभवाची आहे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता, आणि फाशांशी त्यांनी या प्रकरणाचा संबंध जोडलेला नाही. महाभारतातील नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडावरील पाने व फळे न मोजताच सांगतो व नलास अक्षविद्या देतो. द्यूत आणि गणना यांचा संबंध आपल्या पूर्वजांना जाणवला होता याची ती खूण आहे. परंतु त्या विद्येचे स्वरूप कथेत उलगडलेले नाही, आणि जे उलगडलेले नाही त्यावर इमारत उभारणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. आमच्याकडे मोजणी होती, फासेही होते. दोहोंची गाठ पडली नाही.

युरोपात ती गाठ गॅलिलिओच्याही आधी कार्दानो या वैद्याने घातली होती. हा गृहस्थ स्वतः पक्का जुगारी होता. दोन फाशांच्या ३६ व तीन फाशांच्या २१६ रीती त्याने नोंदविल्या, आणि फासा सचोटीचा असेल तरच हे खरे, हेही सांगितले. पण तो १५७६ साली वारला व त्याचे पुस्तक १६६३ मध्ये बाहेर आले. तोवर पास्काल आणि फेर्मा यांचा प्रसिद्ध पत्रव्यवहार होऊन गेला होता.

त्या १६५४ सालच्या पत्रव्यवहारातील एक प्रसंग आमच्या विषयास फार जवळचा आहे. तुल्यबळ असे दोन खेळाडू पैज लावून बसले आहेत. एकास जिंकण्यास दोन डाव हवेत, दुसऱ्यास तीन. खेळ मध्येच मोडला, तर पैजेची रक्कम कशी वाटावी? फेर्माची रीत अशी : अधिकात अधिक आणखी चार डावांत निकाल लागणारच, म्हणून चारही डाव खेळले जातील असे धरून सोळा रीती मांडाव्या. त्यांपैकी ११ पहिल्यास अनुकूल येतात व ५ दुसऱ्यास. वाटणी त्याच प्रमाणात. यावर रोबेर्व्हाल या गणितज्ञाने आक्षेप घेतला की, पहिल्याने लागोपाठ दोन डाव जिंकले तर खेळ तिथेच संपेल; मग न खेळलेले डाव मोजता कशाला? पास्कालने २४ ऑगस्ट १६५४ च्या पत्रात हा आक्षेप फेर्मास कळविला. आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. खेळ ज्या रीतींनी खरोखर संपू शकेल त्या मोजल्या तर दहा भरतात, सहा पहिल्याच्या व चार दुसऱ्याच्या. परंतु या दहा रीती एका वजनाच्या नाहीत. दोन डावांत संपणारी रीत सोळांपैकी चार रीती पोटात घेऊन बसलेली आहे, तर चौथ्या डावापर्यंत ताणली जाणारी रीत एकच. उरलेले डाव खेळले काय आणि न खेळले काय, जिंकणारा बदलत नाही. ते मोजावयाचे ते सर्व रीती एका मापाच्या व्हाव्यात म्हणून.

रोबेर्व्हालचा आक्षेप येथेच मिटावयास हवा होता. तो मिटला नाही. लायब्निट्ससारख्या प्रचंड बुद्धीच्या पुरुषाने १७१४ सालच्या एका पत्रात दोन फाशांची बेरीज १२ येणे व ११ येणे सारखेच सुलभ मानले, कारण दोन्ही एकेकाच प्रकाराने होतात : ६-६ आणि ५-६. वस्तुतः ३६ रीतींत पहिली एक व दुसऱ्या दोन. आणि पुढे चाळीस वर्षांनी दालांबेर हा फ्रान्सचा अग्रगण्य गणितज्ञ त्याच खड्ड्यात उतरला, तोही चारचौघांसमक्ष.

दिदरोसह दालांबेर ज्याचा संपादक होता त्या फ्रेंच महाकोशाचा, 'एन्सायक्लोपेडी'चा, चौथा खंड १७५४ साली निघाला. त्यात 'छापा की काटा' या अर्थाची एक नोंद दालांबेरने लिहिली. प्रश्न असा : एक नाणे दोनदा फेकावयाचे, निदान एकदा तरी छापा पडण्याची संभाव्यता किती? सर्व लेखक तीन चतुर्थांश सांगतात. पण हे खरे आहे काय, अशी शंका त्याने काढली. पहिल्याच फेकीत छापा पडला तर पैज जिंकली, खेळ संपला. दुसऱ्यांदा नाणे फेकण्याचे कारणच उरत नाही. म्हणून प्रकार तीनच : पहिल्यांदा छापा, पहिल्यांदा काटा व मग छापा, दोन्हीदा काटा. तिघांपैकी दोन अनुकूल. उत्तर दोन तृतीयांश. हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे ती उत्तरपत्रिका उभी राहिली. प्रश्न निराळा व तर्काचे वळणही थोडे निराळे, पण मूळ चूक एकच : ज्यास वेगळे नाव देता येते त्यास समान वजनाचा मानणे.

जिनीव्हाच्या नेकर नामक प्राध्यापकाने यावर हरकत लिहून पाठविली की पहिला प्रकार इतर दोहोंच्या दुप्पट वजनाचा आहे, म्हणून मोजणीत तो दोनदा धरावा. यापुढची गोष्ट आम्हांस फार आवडते. दालांबेरने ती हरकत दडपली नाही. १७५७ च्या खंडात 'पैज' या अर्थाच्या नोंदीत ती छापली, आणि ती विचारार्ह आहे अशी कबुलीही दिली. आपले मत मात्र त्याने सोडले नाही. चुकीच्या बाजूस उभा राहूनही प्रतिपक्षाचे म्हणणे जसेच्या तसे छापणारा हा संपादक, आणि बरोबर बाजूस उभे राहून 'पुस्तकात आहे' एवढेच सांगणारे आम्ही, यांत कोण बरे अधिक शास्त्रीय वृत्तीचा, याचा निर्णय वाचकांनी करावा.

या वादावर पडदा टाकला तो लाप्लासने. १८१४ सालच्या संभाव्यतेवरील तात्त्विक निबंधात त्याने दालांबेरचे नाव घेऊन सांगितले की, प्रकार तीन म्हणा, हरकत नाही. पण मग प्रत्येकाची संभाव्यता आधी ठरवा. पहिल्याची अर्धी, उरलेल्या दोहोंची पाव-पाव. अनुकूल दोहोंची बेरीज पुनः तीन चतुर्थांशच. संभाव्यता म्हणजे अनुकूल निष्पत्तींचे एकूण निष्पत्तींशी गुणोत्तर, ही व्याख्या त्याच निबंधात आहे, आणि सर्व निष्पत्ती समान शक्य असल्या पाहिजेत ही अट तिच्यातच बसविलेली आहे. आमची पाठ्यपुस्तके आजही याच व्याख्येवर चालतात.

पण 'समान शक्य' म्हणजे काय? समान संभाव्यतेच्या. म्हणजे संभाव्यतेची व्याख्या संभाव्यतेनेच झाली! लाप्लासचे उत्तर असे की, दोन निष्पत्तींपैकी एकीस अधिक मानण्याचे कोणतेच कारण आपणापाशी नसेल तर त्या समान मानाव्या. हे तत्त्व फार जपून वापरावे लागते. ज्यास कारण ठाऊक नाही तो अज्ञानालाच पुरावा मानू लागतो. 'पास होईन किंवा नापास; दोनच शक्यता, म्हणजे निम्मी आशा आहेच,' असे म्हणणारे विद्यार्थी प्रत्येक शाळेत असतात, आणि निकालाच्या दिवशी त्यांस तत्त्वज्ञान कळते. केन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली या तत्त्वाची झाडाझडती घेतली. पुढे १९३३ साली कोल्मोगोरोव्हने संभाव्यतेचे गणित स्वयंसिद्ध तत्त्वांवर उभे केले. त्यात समसंभाव्यता व्याख्येतून वगळली गेली व विशिष्ट प्रसंगापुरते एक गृहीत एवढेच तिचे स्थान राहिले. गृहीत खरे की खोटे हे गणित सांगत नाही; ते त्या वस्तूस विचारावे लागते.

वस्तूस विचारण्याचे एक उदाहरण मोठे उद्बोधक आहे. इंग्लंडातील वेल्डन या प्राणिशास्त्रज्ञाने बारा फासे २६,३०६ वेळा टाकून नोंदी केल्या व १८९४ साली त्या गाल्टनला कळविल्या. प्रत्येक फासा समतोल असता तर ५ किंवा ६ पडण्याचे प्रमाण ०.३३३३ यावयास हवे होते, आले ०.३३७७. फरक क्षुल्लक वाटेल. पण ३,१५,६७२ फासे पडल्यावर एवढा फरक योगायोगाचा मानता येत नाही, हे कार्ल पिअर्सनने १९०० साली आपल्या नव्या कसोटीने दाखविले. ठिपके कोरून काढलेले असल्याने ५ व ६ ची पृष्ठे किंचित हलकी होतात आणि वर राहतात, असे याचे कारण दिले जाते. आपल्याकडे कवड्यांनी खेळणाऱ्या मुलांना हे प्रयोगावाचून ठाऊक असते. कवडी उताणी पडेल किंवा पालथी. दोनच निष्पत्ती, पण त्या समान आहेत असे कोणतेही शहाणे मूल म्हणणार नाही, कारण कवडीची पाठ व पोट सारखी नसतात.

तर मग दोन नाण्यांचे चार प्रकार कशावरून? पुढच्या वर्षी आम्ही तास घेतला तेव्हा एक रुपयाचे व एक पाच रुपयांचे अशी नाणी नेली. दोन्ही वेगळी ओळखू येतात, म्हणून रुपयावर छापा व पाचावर काटा, आणि याच्या उलट, हे दोन प्रकार मुलांना आपोआप दिसले. मग विचारले की पाचाच्या जागी दुसरा रुपयाच घेतला तर नाण्यांच्या पडण्यात फरक पडेल काय? 'नाही,' असे सगळे म्हणाले. मग दोन रुपये घेऊन मुलांनी तासभर नोंदी केल्या; एक छापा व एक काटा, हा प्रकार दोन्ही छाप्यांच्या सुमारे दुप्पट आला. आधीच्या वर्षीचा तो विद्यार्थी तोवर शाळा सोडून गेला होता. त्याचे गुण आम्ही बदलले नव्हते व बदलणेही योग्य झाले नसते. पण त्याच्या प्रश्नास उत्तर द्यावयाचे राहिलेच.

आणि त्या प्रश्नास इतिहासात आणखी एक उत्तर आहे. १९२४ साली ढाका विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशाच्या कणांची मोजणी एका नव्या रीतीने करून उष्ण वस्तूच्या प्रारणाचा प्लांकचा नियम सिद्ध केला. तो लेख त्यांनी आइन्स्टाइनकडे धाडला. आइन्स्टाइनने तो स्वतः जर्मन भाषेत उतरवून त्याच वर्षी प्रसिद्ध केला. या मोजणीत कण एकमेकांपासून वेगळे धरलेले नाहीत; त्यांस रंग फासून ओळखण्याची सोय निसर्गाने ठेवलेलीच नाही. दोन कण आणि दोन कप्पे असतील तर दोन्ही पहिल्यात, दोन्ही दुसऱ्यात, किंवा एकेकात एक, अशा तीनच निष्पत्ती मोजावयाच्या व तिन्ही समसंभाव्य मानावयाच्या. असे मोजले तरच प्रयोगात मिळणारे आकडे येतात. गॅलिलिओच्या रीतीने मोजले तर येत नाहीत. दोन्ही कण एका ठराविक कप्प्यात असण्याची संभाव्यता तेथे एक तृतीयांश. आमच्या त्या विद्यार्थ्याचे उत्तर हेच होते. प्रश्न मात्र नाण्यांचा होता.